कंपन्यांनी निधीबरोबर कसबही द्यावे

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मार्च महिना जवळ आला की कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्व निधीतून, ज्याला आता खेड्यापाड्यांतही सीएसआर असेच म्हणतात, कुठे शाळेला बाके, कुठे रुग्णालयाला खाटा, तर कुठे गोशाळेला चाऱ्याच्या गाड्या मिळाल्याची छायाचित्रे वृत्तपत्रांतून दिसू लागतात. यांपैकी कोणत्याही मदतीला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. मात्र पशुसंवर्धन खात्यात पशुधन विकास अधिकारी म्हणून जवळजवळ तीन दशके काम केल्यानंतर एक उणीव सतत जाणवत राहिली, ती आपल्या वाचकांपुढे आणि विशेषतः कंपन्यांच्या सीएसआर समित्यांवर बसणाऱ्या मंडळींपुढे मांडावी, यासाठी हे पत्र लिहीत आहे. माणसांचे वैद्यक आणि जनावरांचे वैद्यक यांना एकमेकांशी बोलते करण्यासाठी जे लागते, ते खाटा किंवा चारा यांच्या रूपात देता येत नाही. त्यासाठी माहितीची जुळणी करणारे संगणकतज्ज्ञ लागतात, लशीची शीतसाखळी सांभाळण्याचे नियोजन लागते, प्रयोगशाळेतले सरावलेले हात लागतात आणि दोन खात्यांमधला करार नीट लिहून देणारा वकीलही लागतो. हे कसब आपल्या राज्यातील कंपन्यांकडे मुबलक आहे; ते विनामोबदला देण्याची रीत मात्र अजून रुळलेली नाही.

एक अनुभव सांगतो. कोल्हापूर जिल्ह्यातील एका गावात माझा पशुवैद्यकीय दवाखाना आणि माणसांचे आरोग्य उपकेंद्र यांच्यामध्ये फक्त एक गल्ली होती. त्या गावातील एका पशुपालकाची म्हैस आठव्या महिन्यात गाभडली, म्हणजे तिचा गर्भपात झाला, जार (वार) अडकला, आणि मी पोचण्यापूर्वीच त्याने तो उघड्या हातांनी ओढून काढला. आमच्या भागात हे सर्रास चालते. हातमोजे घाला म्हटले तर लोक हसतात. मी म्हशीवर उपचार केले, नोंदवहीत नोंद केली आणि पुढच्या गावी गेलो. दोन-अडीच महिन्यांनी तोच मनुष्य मला बाजारात भेटला, तेव्हा ओळखू येईना इतका खंगला होता. ताप चढायचा आणि उतरायचा, रात्री घामाने अंथरूण भिजायचे, कंबर धरलेली. मधल्या काळात त्याची विडाल चाचणी झाली होती, टायफॉइडवरचा औषधोपचार दोनदा झाला होता, सलाईन लावून झाले होते आणि क्षयाचा संशयही घेऊन झाला होता. अखेर शहरातल्या एका तरुण डॉक्टरांनी त्याला ‘घरी जनावरे आहेत का?’ एवढा एकच प्रश्न विचारला आणि ब्रुसेलोसिसची, म्हणजे जनावरांपासून माणसाला होणाऱ्या एका जंतुजन्य रोगाची, रक्ततपासणी करून घेतली. दोन प्रतिजैविके सहा आठवडे घेतल्यावर तो हिंडू-फिरू लागला, पण तोवर एक म्हैस आणि बायकोचे दागिने विकून झाले होते.

यात मी कोणत्याही डॉक्टरांना दोष देत नाही, कारण तसा तो द्यायचा झाल्यास माझ्यापासून सुरुवात करावी लागेल. जनावरांत सांसर्गिक गर्भपात घडविणारा हा रोग माणसालाही होतो हे मी परीक्षेत लिहून उत्तीर्ण झालो होतो, आणि तरीही त्या गोठ्यात उभा असताना ‘घरात कुणाला ताप येतो का?’ असे विचारण्याचे मला सुचले नव्हते. माझ्या नोंदवहीत गाभडलेली म्हैस होती, गल्लीपलीकडच्या नोंदवहीत तापाचा रुग्ण होता, आणि दोन्ही नोंदी एकाच घरातल्या आहेत हे सांगणारी कोणतीही व्यवस्था अस्तित्वात नव्हती. या रोगाचा इतिहासही असाच आहे. डेव्हिड ब्रूस या ब्रिटिश लष्करी डॉक्टरांनी १८८७ मध्ये माल्टा बेटावरील मृत सैनिकांच्या शरीरात हा जंतू सापडल्याचे जाहीर केले. परंतु तो शेळ्यांच्या दुधातून सैनिकांपर्यंत पोचतो, हे माल्टाचेच डॉक्टर थेमिस्टोक्लिस झामित यांच्या ध्यानात यायला १९०५ साल उजाडले. रुग्णालयापासून गोठ्यापर्यंत यायला वैद्यकशास्त्राला अठरा वर्षे लागली होती. आमच्या गावात अडीच महिने लागले, याला प्रगती म्हणावे की नाही, हे वाचकांनीच ठरवावे.

आज परिस्थिती बदलली आहे का, असे कुणी विचारील. काही बाबतींत निश्चितच बदलली आहे. २०१९ पासून केंद्र सरकारच्या राष्ट्रीय कार्यक्रमात चार ते आठ महिने वयाच्या मादी वासरांना आणि रेडकांना ब्रुसेलोसिसची लस दिली जाते आणि ती आयुष्यात एकदाच द्यावी लागते. जनावराच्या कानात पिवळा बिल्ला आला आहे आणि त्यावर बारा अंकी क्रमांक आहे. त्या जनावराच्या मालकाकडेही आता चौदा अंकी ‘आभा’ आरोग्य क्रमांक असू शकतो. परंतु बारा अंकांना चौदा अंकांची ओळख नाही. माणसांच्या साथींची माहिती एका संगणकीय व्यासपीठावर जाते, जनावरांच्या लसीकरणाची दुसऱ्याच व्यासपीठावर, आणि तालुक्याच्या पातळीवर या दोन्हींकडे एकत्रित पाहणारा मनुष्य मला तरी माझ्या सेवाकाळात भेटला नाही. पुण्यातील आणि मुंबईतील माहिती-तंत्रज्ञान कंपन्या परदेशी बँका आणि विमा कंपन्यांच्या याहून कितीतरी गुंतागुंतीच्या माहितीची जुळणी रोज करतात. त्यांच्यापैकी एखाद्या कंपनीने चार जाणकार अभियंते सहा महिन्यांसाठी एका जिल्ह्याला दिले, तर गाभडलेल्या जनावराची नोंद होताच त्या घराची माहिती आरोग्यसेविकेपर्यंत पोचविणे हे अशक्य कोटीतील काम नाही. अर्थात त्यात रुग्णाच्या खासगी माहितीचा प्रश्न येतो, २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा येतो, आणि म्हणूनच अभियंत्यांच्या जोडीला वकिलांची विनामोबदला मदत लागेल, असे मी वर म्हटले.

अशी मदत प्रत्यक्षात कशी उपयोगी पडते, याचे उदाहरण शोधायला फार लांब जावे लागत नाही. शेजारच्या गोव्यात ‘मिशन रेबीज’ या संस्थेने राज्य सरकारच्या सहकार्याने कुत्र्यांच्या रेबीज लसीकरणाचा जो कार्यक्रम राबविला, त्याचा २०१३ ते २०१९ या काळातील लेखाजोखा शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेला आहे. वर्षाला ९५,००० हून अधिक कुत्र्यांना लस देण्यापर्यंत त्यांनी मजल मारली, कुत्र्यांच्या एकूण संख्येपैकी ७० टक्क्यांपर्यंत लस पोचविली, आणि दरवर्षी सुमारे दीड लाख मुलांना कुत्रा चावल्यास काय करावे हे शिकविले. या काळात कुत्र्यांमधील रेबीजचे मासिक प्रमाण ९२ टक्क्यांनी घटले आणि माणसांतील रेबीजचे मृत्यू थांबले. पुढे २०२१ मध्ये गोवा हे रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाले. या संस्थेला एमएसडी ॲनिमल हेल्थ ही लसउत्पादक कंपनी रेबीजची लस देणगी म्हणून पुरवीत आली आहे. देणगीदार कंपनीचे श्रेय तिला दिलेच पाहिजे. तरी माझ्या मते गोव्यातील खरा धडा लशीच्या बाटलीत नसून पथकांच्या हातातील स्मार्टफोनमध्ये आहे. कोणत्या वाडीतील किती कुत्र्यांना लस दिली, कोणती गल्ली राहिली, उद्या पथकाने कुठे जायचे, हे सारे ॲपवर नोंदले जात होते आणि दूर बसलेला नियोजक नकाशा पाहून पथकांना दिशा देत होता. आमच्या काळी लसीकरण मोहीम म्हणजे सकाळी जी कुत्री हाती लागतील त्यांना टोचायचे आणि संध्याकाळी वापरलेल्या मात्रांचा आकडा वर कळवायचा, असा प्रकार असे. आकडा जमे, पण सत्तर टक्के झाले की सतरा, हे कुणालाच ठाऊक नसे.

रेबीजच्या बाबतीत मोजदादीचे महत्त्व आणखी एका कारणाने पटते. भारतात दरवर्षी या रोगाने १८ ते २० हजार माणसे दगावतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज वर्षानुवर्षे सांगितला जात होता. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शास्त्रज्ञांनी अलीकडे केलेल्या देशव्यापी पाहणीतून हा आकडा वर्षाला सुमारे ५,७०० असावा, असे पुढे आले. आकडा कमी झाला याचे समाधान मानावे, पण लक्षणे दिसू लागल्यावर जवळजवळ शंभर टक्के प्राणघातक ठरणाऱ्या रोगाच्या दोन अंदाजांत तिपटीचा फरक असावा, हे आपल्या नोंदींविषयी काही चांगले सांगत नाही. चावलेल्या माणसाची नोंद रुग्णालयात होते आणि चावणाऱ्या कुत्र्याची बहुधा कुठेच होत नाही. २०३० पर्यंत कुत्र्यांपासून होणारा रेबीज देशातून हद्दपार करण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा २०२१ मध्ये जाहीर झालेला आहे, आणि हाताशी उरलेली वर्षे बोटांवर मोजता येतील एवढीच आहेत.

आता कायद्याकडे वळतो, कारण सीएसआरविषयी बोलू लागले की अधिकारी मंडळी प्रथम कायदाच पुढे करतात. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करणे बंधनकारक आहे, आणि ही कामे कोणती असावीत याची यादी सातव्या अनुसूचीत दिलेली आहे. त्या यादीत आरोग्यसेवा पहिल्या नोंदीत आहे. प्राणिकल्याण चौथ्या नोंदीत आहे, पर्यावरण आणि वनसंवर्धन यांच्या पंगतीला. त्यामुळे होते असे की कंपनीत आरोग्याचे प्रकल्प पाहणारा अधिकारी एक असतो आणि प्राण्यांचे प्रकल्प पाहणारा दुसरा. पहिला रक्तदान शिबिरे घेतो, दुसरा गोशाळांना भेटी देतो, आणि गोठ्यातून माणसाकडे येणारा रोग या दोघांच्या मधल्या फटीतून निसटतो. वास्तविक अनुसूचीतील नोंदींचा अर्थ उदारपणे लावावा, असे कंपनी व्यवहार मंत्रालयाने जून २०१४ च्या परिपत्रकातच सांगितले आहे. तेव्हा दोन नोंदींना स्पर्श करणारा प्रकल्प हाती घेण्यात कायद्याची आडकाठी नाही. आडकाठी आहे ती कंपनीच्या कचेरीतील दोन टेबलांच्या अंतराची.

कसबाच्या बाबतीत मात्र कायदा खरोखरच आड येतो. कर्मचाऱ्यांनी सामाजिक कामांत भाग घ्यावा यासाठी कंपन्यांनी उत्तेजन द्यावे, परंतु त्यांच्या विनामोबदला सेवेचे पैशांत रूपांतर करून ती रक्कम सीएसआर खर्चात धरता येणार नाही, असे मंत्रालयाने जानेवारी २०१६ च्या प्रश्नोत्तररूपी परिपत्रकात स्पष्ट केले आहे. पुष्कळ उद्योजक याविषयी तक्रार करतात. मला मंत्रालयाची भूमिका समजू शकते, कारण तशी मुभा मिळाली तर एखाद्या बड्या व्यवस्थापकाने वृक्षारोपणाला दिलेल्या दोन तासांची किंमत त्याच्या पगाराच्या दराने लावून खर्च दाखविला जाईल, आणि झाड मात्र एकच लागेल. तरीही एक मधला मार्ग आहे. ही सेवा खर्चात धरू नये, पण संचालक मंडळाच्या वार्षिक अहवालात ती स्वतंत्रपणे, तासांत आणि झालेल्या कामाच्या वर्णनात, नोंदविण्याचा रकाना असावा. कंपन्यांना प्रतिष्ठेचीही भूक असते, आणि रकाना असला की तो भरण्याची चढाओढ लागते, हे सरकारी नोकरीत आयुष्य काढलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

‘जनावरांचे आजार हा आमचा विषय नाही’ असे उत्तर मला एका उद्योगसमूहाच्या कचेरीत मिळाले होते. त्या वेळी मला परळची आठवण झाली. मुंबईच्या त्या एका भागात बाई साकरबाई दिनशा पेटिट जनावरांचे रुग्णालय आहे, मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय आहे, हाफकिन संस्था आहे आणि केईएम रुग्णालयही आहे. एकापासून दुसरीकडे चालत जाता येते. यांपैकी जनावरांचे रुग्णालय १८८० च्या दशकात उभे राहिले ते गिरणीमालक दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून. त्यानंतर दहा-बारा वर्षांतच, १८९६ मध्ये, मुंबईत प्लेग आला. प्लेगात माणसांआधी उंदीर पटापट मरून पडतात, हे घराघरांतल्या बायकांनी पाहिले होते आणि घर सोडून माळावर राहायला जाण्याचा शहाणपणा लोकांनी त्यावरूनच शिकला. उंदरावरची पिसू हा रोग माणसापर्यंत आणते, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ मध्ये दाखवून दिले. हाफकिन यांनी मुंबईत तयार केलेली प्लेगची लस याच काळातली. आणखी एक गोष्ट पुणेकरांना तरी सांगायला नको: पूनावाला कुटुंबाच्या अश्वपैदास केंद्रातील निवृत्त घोडे हाफकिन संस्थेला रक्तद्रव, म्हणजे सीरम, बनविण्यासाठी दिले जात, आणि त्यातूनच १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूटची कल्पना साकार झाली. ज्या राज्यातील एका जगप्रसिद्ध लसउद्योगाची मुळे घोड्यांच्या तबेल्यात आहेत, तिथल्या उद्योजकांना जनावरांशी आपला संबंध नाही असे वाटावे, याचे नवल वाटते.

कोणत्या कंपनीने काय द्यावे, याची मोठी यादी करण्यात अर्थ नाही; परंतु दूध उद्योगाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण ते माझ्या माहितीचे क्षेत्र आहे. गावातल्या दूध संकलन केंद्रावर रोज सकाळ-संध्याकाळ दुधातील फॅट आणि एसएनएफ, म्हणजे स्निग्धांश आणि त्याखेरीजचे घन पदार्थ, मोजले जातात. तिथेच गाईंच्या एकत्र केलेल्या दुधाच्या नमुन्यावर ‘रिंग चाचणी’ केली, तर त्या गावातील कळपांत ब्रुसेलोसिसचा वावर आहे का, याचा प्राथमिक अंदाज येतो. चाचणी स्वस्त आहे, जुनी आहे आणि दूध संघांच्या प्रयोगशाळांतील तंत्रज्ञांना थोड्या प्रशिक्षणानंतर सहज जमण्याजोगी आहे. तिच्यात चुका होतात, म्हणून संशय आलेल्या गावात पुढे जनावरांचे रक्त तपासावेच लागते. पण निदान कोणत्या गावात आधी जायचे हे तरी कळते. खासगी डेअऱ्या हे करायला कचरतात, कारण ‘आपल्या दुधात रोग निघाला’ अशी बातमी होण्याची त्यांना भीती वाटते. वस्तुस्थिती अशी आहे की पाश्चरीकरणाने हा जंतू मरतो, त्यामुळे पिशवीतील दूध पिणाऱ्या शहरी ग्राहकाला यापासून धोका नाही. धोका आहे तो धार काढणाऱ्या, वीत करणाऱ्या आणि निरसे दूध पिणाऱ्या माणसाला, म्हणजे त्याच डेअरीला दूध घालणाऱ्या शेतकऱ्याला. ही गोष्ट लोकांना घाबरवून न सोडता समजावून सांगणे हे जाहिरात कंपन्यांचे कसब आहे, आणि तेही विनामोबदला मिळाले तर हवे आहे.

कोकणात याला माणसे आणि पाळीव जनावरे यांच्यापलीकडची, जंगलाची, तिसरी बाजू आहे. १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात प्रथम आढळलेला माकडताप २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात पसरला. गोचिडांमार्फत येणारा हा ताप माणसांत दिसण्यापूर्वी जंगलात माकडे मरू लागतात, आणि नेमक्या काजूच्या हंगामात लोक त्याच जंगलांत आणि बागांत वावरत असतात. मेलेले माकड प्रथम वनरक्षकाला किंवा गुराख्याला दिसते. ते आरोग्य खात्याला आणि पशुवैद्यकाला त्याच दिवशी कळणे यावर पुढचे सारे अवलंबून आहे. त्या भागातील काजूप्रक्रिया कारखान्यांना आपल्या पुरवठादारांचे जाळे या कामासाठी सहज वापरता येईल.

कंपन्यांच्या मदतीविषयी काही सावधगिरीही बाळगली पाहिजे. जी औषध कंपनी माणसांची आणि जनावरांची प्रतिजैविके विकते, तिनेच प्रतिजैविकांच्या जपून वापराचे प्रशिक्षण द्यावे, हे मला पटत नाही. कोंबड्यांच्या खाद्यातून सर्रास वापरले जाणारे कोलिस्टिन हे प्रतिजैविक २०१९ मध्ये सरकारला बंदी घालून थांबवावे लागले, विक्रेत्यांच्या प्रबोधनाने ते थांबले नव्हते. कंपनीने बनवून दिलेली प्रणाली आणि तिच्यातील माहिती सरकारच्या मालकीची राहावी, तिचा व्यापारी वापर होऊ नये, आणि मदतीचा करार निदान तीन वर्षांचा असावा. माझ्या दवाखान्याला एकदा एका कंपनीने लस ठेवण्यासाठी उत्तम शीतपेटी दिली होती. उद्घाटनाला मंडप होता, पेढे होते. वर्षभराने ती बिघडली, तेव्हा दुरुस्ती कुणी करायची हे कुठल्याच कागदावर लिहिलेले नसल्याने तिच्यात आमचा शिपाई जुन्या नोंदवह्या ठेवू लागला. लस दोन ते आठ अंश तापमानात राहावी लागते. मंडप किती मोठा होता याच्याशी तिला कर्तव्य नसते.

नागपुरात राष्ट्रीय ‘वन हेल्थ’ (माणसे, जनावरे आणि पर्यावरण यांच्या आरोग्याचा एकत्रित विचार) संस्थेची पायाभरणी डिसेंबर २०२२ मध्ये झाली आहे, महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठही तिथेच आहे, आणि पुण्यात राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था आहे. शास्त्रज्ञांची उणीव या राज्याला नाही. माझी सूचना एवढीच आहे की राज्य शासनाने एका जिल्ह्यातील एकच तालुका निवडावा, तिथल्या तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी आणि पशुधन विकास अधिकाऱ्यांनी मिळून आपल्याला कोणते कसब कमी पडते ते लिहून काढावे, आणि ते कागद घेऊन कंपन्यांकडे जावे. आजवर कंपन्या आपल्या सोयीने काय द्यायचे ते ठरवून आमच्याकडे येत आल्या; एकदा क्रम उलटा करून पाहावा.

सेवाकाळातील माझ्या खासगी रोजनिशीत गाभडलेल्या जनावरांच्या टिपणी गाववार आणि तारीखवार केलेल्या आहेत. त्या शास्त्रीय कसोटीला कितपत उतरतील हा प्रश्न आहे आणि अक्षरही फारसे चांगले नाही. तरी एखाद्या कंपनीचे तरुण अभियंते आणि जिल्ह्यातील आरोग्य अधिकारी त्या काळातील तापाच्या नोंदींशी त्या ताडून पाहण्यास तयार असतील, तर मालकांची नावे झाकून त्या वह्या मी आनंदाने त्यांच्या स्वाधीन करीन आणि अक्षर लावायला शेजारी बसेन. मानधन नको; सकाळी दहा ते दुपारी एक ही वेळ मला सोयीची आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त पशुधन विकास अधिकारी,
जिल्हा कोल्हापूर